सून हवी? आधी घोडा सांगून ठेवा

मुलाचं लग्न जमत नाही म्हणून हातपाय गाळू नका. सोलापूरकरांनी वाट पाडून ठेवली आहे. डिसेंबर 2022 मध्ये इथल्या लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधल्या, घोड्यावर बसले आणि वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मागणी काय, तर आम्हाला बायको द्या. तुम्हीही घोडा आत्ताच सांगून ठेवा, लगीनसराईत मिळत नाही.

पण असा मोर्चा एका दिवसात निघत नाही. त्यामागे वीस-पंचवीस वर्षांची मेहनत असते, आणि ती वडीलधाऱ्यांनी करायची असते. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 895 मुली होत्या. तेव्हा अंगणात रांगणारी पोरं 2022 ला ऐन लग्नाच्या वयात आली. हिशेब चोख!

कायद्याला भिऊ नका. गर्भलिंग निदानाला 1994 च्या कायद्यानं बंदी आहे, सोनोग्राफीवाल्याकडे तसा फलकही असतो. तो वाचायचा, मान डोलवायची आणि लांबच्या पाहुण्याकडून दुसरीकडचा पत्ता घ्यायचा. जाताना ‘आम्हाला काय, मुलगा-मुलगी सारखेच’ असं शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणावं. पहिल्या वेळी बर्फी वाटली असेल तर दुसऱ्या वेळी पेढेच पाहिजेत. त्यातून सरपंचकीचा नाद असेल तर विचारूच नका. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं झालं की निवडणूक लढवता येत नाही, म्हणजे खुर्ची आणि वंशाचा दिवा दोन्ही दोनातच बसवायचे.

बसवले की लोकांनी! 2011 ला 895 चे 883 झाले. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाखांवरून 43 लाखांवर गेली, तेव्हा माणसं कमी पडली असं कुणी म्हणू नये. फक्त सुना कमी पडल्या. आणि 883 वाली पोरं तर आत्ता कुठे मिसरूड फुटून तयार होतायत. घोडेवाल्यांनी बँकेत कर्जाचा अर्ज टाकायला हरकत नाही.

घरात चुकून मुलगी असेलच, तर तिच्यासाठी पुण्याचा नोकरदार बघा. माढ्या-करमाळ्याचा ऊसवाला बघू नका. त्याची जमीन चालते, तो चालत नाही. स्वतःच्या मुलाला मात्र कुणी मुलगी देत नाही म्हणून चावडीवर बसून जमान्याला शिव्या घाला. दोन्ही कामं एकाच तोंडानं होतात, सवयीचा प्रश्न आहे.

निवेदनावर ‘विषय : बायको मिळणेबाबत’ असं ठळक लिहा. साहेबांनी 883 काढलेच, तर म्हणा, आकडा जुना आहे, 2021 ची जनगणना झाली कुठे? सोबत वडिलांना न्या, ते गप्प बसतात. आजीला नेऊ नका. घरात किती वेळा पाळणा हलायचा राहिला, हे तिनं बोटांवर मोजून ठेवलेलं असतं आणि साहेबांनी विचारलं तर सांगून मोकळी होईल.