बँक देते म्हणून तेवढं लोन घ्यायचं नसते

परवा भाचा अन् भाचेसून घरी आले, हातात नागपूरजवळच्या बेसाच्या स्कीमचं ब्रोशर, ५० लाखांचा टू बीएचके, अजून बांधकाम चालू आहे. "मामा, बँक ४० लाख देऊन राहिली, उद्या टोकन देऊन येतो." पगार हातात ७२ हजार, दोघांची जमा ११ लाख. मी म्हटलं थांब बाप्पा, आधी कागद घे.

४० लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३४,७०० होते. बँक पाहते फक्त की अर्ध्या पगारात बसते की नाही. पोरीची फी, आईची औषधं, मे महिन्यात दोन कूलर दिवसरात्र चालतात त्याचं बिल, हे तिच्या हिशोबात कुठंच नसते. वरचे १० लाख आपले. मग स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार, आणि बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी म्हणजे अजून अडीच लाख. स्टॅम्प ड्युटी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ती खिशातूनच जाते. बेरीज झाली १६ लाखांच्या वर. पोरगं गप्प झालं. सूनबाई हळूच म्हणाली, "उरलेले पाच पर्सनल लोननी करणार होतो."

हे ऐकून मला राहवलं नाही, कारण मी यातून गेलो आहे. २०२१ मध्ये २५ लाख घेतले तेव्हा रेट ७ टक्के, हप्ता १९,४००, आम्हाला वाटलं आरामात जमते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, ४ वरून साडेसहावर गेला अन् माझा हप्ता २३ हजारांवर. त्या वर्षी बायकोनं गळ्यातली चेन मोडली. ती अजून झाली नाही.

म्हणून त्यांना एकच सांगितलं, घर घ्यायच्या आधी सहा महिने त्या घराचा हप्ता भरून पाहा. आता मनीषनगरला भाडं १२ हजार देता ना, मग हप्ता अन् मेंटेनन्समधून ते वजा करून उरलेले २५ हजार दर महिन्याच्या ५ तारखेला आरडीत टाका, अन् त्यात जून आलाच पाहिजे, शाळा उघडते तो. सूनबाईनं तिथंच वहीत मागच्या जूनचा खर्च लिहून काढला अन् स्वतःच म्हणाली, १६ च्या वर नाही निघत मामाजी.

१६ अन् भाड्याचे १२ मिळून २८, त्यातून मेंटेनन्स गेला म्हणजे हप्ता २६ हजार, म्हणजे लोन ३० लाख. ११ मधले २ लाख दुखण्याखुपण्यासाठी बाजूला, ३ लाखांच्या आत स्टॅम्प ड्युटी अन् रजिस्ट्रेशन, उरले ६. म्हणजे ३६ लाखांचं घर, तेही ओसी (राहायला परवानगीचा दाखला) मिळालेलं रेडी पाहायचं, त्यावर जीएसटी नाही. भावजी म्हणे त्यापेक्षा उमरेड रोडला स्वस्तात प्लॉट घ्या, पण त्याला आरएलच (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) नाही, कोणती बँक लोन देणार त्यावर?

भाच्याचं तोंड उतरलं होतं, मलाही वाईट वाटलं, पहिलं घर आहे पोराचं. पण टोकन दिलं नाही त्यानं. आरडी चालू केली, पहिला हप्ता गेला. या रविवारी दिघोरीकडं एक रिसेलचा फ्लॅट पाहायला चाललो आहे तिघं, कोणाला ३५-३६ मध्ये ओसीवालं माहीत असेल तर सांगा.