बॉग रोझमेरी ही रोझमेरी नव्हे

'बॉग रोझमेरी म्हणजे पाणथळ जागेतली रोझमेरी. पाणी साचतं त्या कोपऱ्यात लावा, भरपूर खत घाला, पानं चहात टाका,' असा मजकूर बराच फिरतो आहे. यातला चहाचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच.

या झुडपात (अँड्रोमेडा पोलिफोलिया) ग्रेयानोटॉक्सिन हे विष असतं; त्याचं जुनं नावच अँड्रोमेडोटॉक्सिन. मज्जातंतू आणि हृदयाच्या पेशींतले सोडियमचे मार्ग ते बंदच होऊ देत नाही. मग लाळ गळते, उलट्या होतात, चक्कर येते, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. पानं वाळवली तरी विष राहतं आणि गरम पाण्यात उतरतं. कोणी प्यायलंच असेल तर घरगुती उपाय नकोत. फांदी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

रोझमेरीशी नातं म्हणाल तर काहीच नाही. रोझमेरी तुळशीच्या कुळातली, ही ऱ्होडोडेंड्रॉनच्या. रोझमेरीची पानं समोरासमोर येतात आणि चुरगळली की कापरासारखा उग्र वास सुटतो. हिची पानं एकाआड एक, कडा खाली वळलेल्या, पाठ पांढुरकी, आणि तो वास नाही. फुलं गुलाबी, खाली झुकलेल्या छोट्या मडक्यांसारखी. लॅब्रेडॉर टी हे तशाच पाणथळ जागेतलं, चहासाठी वापरलं जाणारं वेगळं झुडूप. त्याच्या जून पानांची पाठ तांबूस लोकरीची असते, पण कोवळी पांढरट दिसते. घोटाळा तिथेच होतो.

आता 'पाणी साचणारा कोपरा'. ही वाढते ती थंड प्रदेशातल्या स्फॅग्नम शेवाळाच्या थरात. मुळं ओलसर, बुंधा मात्र पाण्याच्या वर. चिकणमातीत पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. दोन भाग पीट (अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती), एक भाग चुना नसलेली जाड वाळू, सामू (pH) ४ ते ५ म्हणजे आम्लधर्मी, असं मिश्रण घ्या. वाफ्याला प्लास्टिकचं अस्तर लावलं तर पृष्ठभागाखाली सुमारे १० सेंटीमीटरवर बाजूला भोकं पाडा, म्हणजे जादा पाणी बुंध्यापर्यंत चढणार नाही. मुळं उथळ असतात. खोल लावू नका, भोवती खुरपू नका.

खताची तर घाईच नको. पीटमध्ये पोषण कमीच असतं आणि मुळांतली बुरशी तेवढ्यावर झाडाचं भागवते. जादा खताने बारीक मुळं करपतात. पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या की लोक आणखी खत टाकतात. पण दोष बहुधा जड पाण्यातल्या चुन्याचा असतो. सामू वाढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. तेव्हा पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या आणि सामू पुन्हा तपासा.