विजेता ओळखणे आणि पैज लावणे: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर असल्याने उत्तरही थोडे विस्ताराने देतो. एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव एकत्र चालणारा लढतीचा खेळ) लढतींवर पैज लावू पाहणाऱ्या नवख्यांसाठी मी लिहिलेल्या परिचयात आकडेमोड फार आणि लढतीची समज कमी आहे, हा आपला मुख्य आक्षेप. ज्याला हा खेळ कळतो त्याला विजेता आधीच दिसतो, आणि अशा माणसाने तीन भक्कम दावेदार एकत्र जोडून (तिघेही जिंकले तरच पैसे) पैज लावली की पुरे, असे आपण म्हणता. शेवटी आपण हेही विचारले आहे की लढत निकालाविना थांबली तर पैशाचे काय होते.

खेळाची समज हवीच, त्यावर वाद नाही. पण पैज लावणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात: अमुक लढवय्या जिंकेल का, आणि त्याच्या जिंकण्याला मिळणारा भाव परवडतो का. आपली प्रतिक्रिया पहिल्या प्रश्नापाशीच थांबते. समजा, दावेदाराचा भाव 1.40 आहे आणि प्रतिस्पर्ध्याचा 3.00. दावेदारावर 100 लावले आणि तो जिंकला, तर 140 हातात येतात, म्हणजे नफा 40. आता 100 ला 1.40 ने भागा, 71.4 येतात, 3.00 ने भागा, 33.3 येतात. दोन्ही शक्यतांची बेरीज शंभर टक्के व्हायला हवी, ती 104.7 भरते, आणि हा वरचा भाग बुकीने स्वतःसाठी राखलेला असतो. तो काढून टाकला तर बाजाराच्या हिशेबाने दावेदाराची शक्यता 68 टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे अशा लढती शंभरदा झाल्या तर हा लढवय्या किमान 72 वेळा जिंकेल, असे आपल्याला सकारण म्हणता येत नसेल, तर ती पैज मुळातच तोट्याची आहे. त्या रात्री तो जिंकला तरी हिशेब बदलत नाही.

तीन दावेदार जोडण्याच्या सल्ल्याचेही असेच आहे. 1.40 चे तीन भाव गुणले की 2.74 होतात आणि आकडा डोळ्यांत भरतो. पण तिघेही जिंकण्याची शक्यता 68 टक्क्यांवरून 32 टक्क्यांच्या आत येते, आणि बुकीचा वाटाही तीनदा गुणला जातो. एकेरी पैजेत शंभरामागे सरासरी साडेचार जात होते, तिथे जोड पैजेत सुमारे 13 जातात. बुकी अशा पैजांची जाहिरात इतक्या हौसेने का करतात, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

‘समजणाऱ्याला विजेता दिसतो’ या विधानासाठी ऑगस्ट 2022 मधील यूएफसी 278 (यूएफसी ही एमएमए लढती भरवणारी कंपनी) ची मुख्य लढत पाहावी. कमारू उस्मान विरुद्ध लिऑन एडवर्ड्स, पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या. चार फेऱ्यांनंतर तिन्ही जजेसच्या कागदावर उस्मान 39-37 असा पुढे होता. पाचव्या फेरीत 56 सेकंद उरले असताना एडवर्ड्सची डावी लाथ डोक्यावर बसली आणि लढत तिथेच संपली. उस्मान सरस ठरेल हे ज्यांनी ओळखले होते, त्यांचे निरीक्षण चोवीस मिनिटे अचूक होते. पैसे मात्र गेले. त्याच लढतीत ‘साडेचार फेऱ्यांच्या वर’ अशी पैज लावणारा जिंकला, कारण ती पैज पाचव्या फेरीची अडीच मिनिटे उलटताच ठरते, आणि लाथ बसली ती 4 मिनिटे 4 सेकंदांवर. ‘उस्मान गुणांवर जिंकेल’ असे म्हणणाऱ्याच्या हाती काहीच आले नाही. एकाच लढतीबद्दलची ही तीन वेगळी मते आहेत, आणि यांतले आपले नेमके कोणते, हे नवख्याने भाव पाहण्यापूर्वीच ठरवलेले बरे. चार औंसांचे हातमोजे आणि हात, पाय, गुडघा, कोपर यांपैकी कशानेही लढत संपवण्याची मुभा असलेल्या खेळात असा उलटफेर विरळा म्हणता येत नाही. 2007 मध्ये मॅट सेराने जॉर्ज सेंट पिएरला पहिल्याच फेरीत गारद केले, तेव्हाही जाणकारांचे पारडे दुसऱ्याच बाजूला होते.

भाव अचानक हलला की ‘आतली बातमी’ समजून त्यामागे जावे, ही आपली सूचना मला धोक्याची वाटते. नोव्हेंबर 2022 मध्ये डॅरिक मिनरच्या लढतीपूर्वी काही तासांत भाव त्याच्या विरोधात वेगाने सरकला. त्याची दुखापत लपवली गेली होती आणि तो पहिल्याच फेरीत हरला. त्यानंतर चौकशी झाली, तो आणि त्याचा प्रशिक्षक दोघेही निलंबित झाले, आणि कॅनडातील ओंटारियो प्रांतात यूएफसीवरील पैजा काही काळ थांबवण्यात आल्या. अशा वेळी उशिरा आलेल्या नवख्याला मिळतो तो पडलेला भाव. बातमीचा फायदा आधीच कोणीतरी घेतलेला असतो.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. चुकून झालेल्या नियमभंगामुळे लढत लवकर थांबली तर ती ‘नो कॉन्टेस्ट’, म्हणजे निकालाविना रद्द, ठरते. मार्च 2021 मध्ये याच एडवर्ड्सचे बोट दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला बेलाल मुहम्मदच्या डोळ्यात गेले आणि तसेच झाले. अशा वेळी विजेत्यावर लावलेले पैसे साधारणतः परत मिळतात. पुरेशा फेऱ्या झाल्या असतील तर मात्र तोवरच्या गुणांवर निकाल दिला जातो आणि पैजही त्यानुसार ठरते. बरोबरीचा वेगळा भाव दिलेला नसेल तर बरोबरीतही बहुधा रक्कम परत येते. तो दिला असेल तर दोन्ही लढवय्यांवरच्या पैजा हरतात. फेऱ्यांच्या पैजांचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात, ते पैसे लावण्यापूर्वीच वाचावेत. निकाल नंतर बदलला तर सहसा काही मिळत नाही: जुलै 2017 मध्ये जॉन जोन्सने डॅनियल कॉर्मियरला नॉकआउट केले आणि उत्तेजक चाचणीनंतर तो विजय रद्द झाला, पण बुकी सहसा त्या रात्री जाहीर झालेला निकालच धरतात.