खुलासा : धुरात सापडलेला कॉपियर ‘चालू करून पाहा’ हा सल्ला चुकीचा
आगीची प्रत्यक्ष झळ न लागलेला कॉपियर बाहेरून पुसून लगेच चालू करावा, तो चालला म्हणजे सुस्थितीत आहे, असा संदेश सध्या फिरत आहे; तो चुकीचा आहे. वायरींवरील पीव्हीसी (एक प्रकारचे प्लास्टिक) जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि काजळीसोबत सर्किट बोर्डांवर व धातूच्या जोडांवर बसून, यंत्र आज सुरळीत चालले तरी, पुढे त्यांना गंजवत राहतो. शिवाय काजळी वीजवाहक असू शकते, त्यामुळे तंत्रज्ञाने आतून तपासणी व सफाई करेपर्यंत प्लग जोडूच नये. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नये, कारण बारीक काजळी आणि टोनर (कॉपियरमधील शाईची भुकटी) त्यातून पुन्हा खोलीत उडतात. त्यासाठी हेपा फिल्टरचे (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे) यंत्र लागते.