‘मॉब बिनडोक असतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, ऑनलाइन गेममधल्या अ‍ॅग्रोवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार, माझं उत्तरही लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की अ‍ॅग्रो (शत्रूचा रोख कोणाकडे आहे ते) म्हणजे जो जास्त मारतो त्याच्यामागे मॉब (गेमच चालवतो तो शत्रू) जातो, बास, त्यावर आख्खा लेख कशाला. आणि दुसरं म्हणजे ही सिस्टीमच बिनडोक आहे, मॉबला जरा अक्कल असती तर त्याने लोखंडात मढलेल्या टँकला (सगळा मार अंगावर घेणारा खेळाडू) सोडून आधी हीलरला (बाकीच्यांना बरं करणारा) उडवलं असतं. शेवटी तुमच्या ग्रुपमधला हीलर दर पुलला (मॉबना लढाईत ओढलं की) पहिला मरतो असंही लिहिलंय, तो टोमणा होता की प्रश्न कळलं नाही, पण त्यावरही लिहितो.

‘जास्त मारतो त्याच्यामागे’ हे अर्धंच खरंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमचंच घ्या, तिथे प्रत्येक मॉबकडे थ्रेटची, म्हणजे कोणावर किती राग आहे याची, स्वतःची यादी असते आणि साधारण 1 डॅमेजला (त्याला केलेली इजा) 1 थ्रेट हा हिशोब, पण टँकला त्यावर गुणक मिळतो आणि या गेमच्या क्लासिक आवृत्तीतला सनडर आर्मर हा वार तर एक पॉइंटही डॅमेज करत नाही तरी भरपूर थ्रेट देतो. म्हणजे न मारताही यादीत वर जाता येतं. शिवाय पहिला नंबर आला की मॉब लगेच वळतो असंही नाही. समजा टँकचा थ्रेट 1000 आहे, तर जवळून मारणाऱ्याला अ‍ॅग्रो ओढायला 110 टक्के म्हणजे 1100 पार करावे लागतात आणि लांबून मारणाऱ्याला 130 टक्के म्हणजे 1300. ही फट ठेवली नसती तर दोघं बरोबरीत आले की बॉस (सगळ्यात तगडा शत्रू) दर फटक्याला इकडून तिकडे वळत बसला असता. आता गंमत बघा, 1250 वर असलेला मेज (जादूगार) लांब उभा आहे तोवर सेफ, पण तोच काही कारणाने बॉसच्या पायाशी आला की त्याला 110 चा नियम लागतो आणि बॉस गर्रकन त्याच्याकडे. त्याने डॅमेज वाढवलेलं नसतं, फक्त चार पावलं चाललेला असतो! आणि एकदा 1100 वाल्याने अ‍ॅग्रो घेतला की टँकला नुसतं मारून तो परत मिळवायचा तर 1210 च्या पुढे जावं लागतं, म्हणून तर टाँट (मॉबला डिवचायची खास चाल) आहे, तो टँकला थेट वरच्याच्या बरोबरीला आणून बसवतो आणि काही सेकंद मॉबला त्याच्याकडेच बघायला लावतो. आता सांगा हे ‘बास’ मध्ये मावतं का.

बिनडोकपणाच्या मुद्द्यावर मात्र तुमचा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही. अक्कलवाला शत्रू बघायचा असेल तर पीव्हीपी खेळा की, तिथे समोर माणसंच असतात आणि सगळे आधी हीलरवरच तुटून पडतात, टँकने कितीही उड्या मारल्या तरी त्याच्याकडे ढुंकून कोणी बघत नाही. डंजनमधले (पाच जणांच्या मोहिमेतले) मॉब असेच वागले तर टँकने करायचं काय? थ्रेट हा मॉबचा मेंदू नाहीच हो, तो खेळाडूंना वाचता येईल असा नियम आहे, म्हणजे मॉब पुढे कोणाला मारणार हे आधी कळतं आणि त्याप्रमाणे पाच जण ठरवून काहीतरी करू शकतात. गिल्ड वॉर्स 2 या गेमने 2012 मध्ये टँक-हीलर ही वाटणी नाकारली होती, मॉब कोणावर येणार हे तिथे वेगवेगळ्या गोष्टींवर ठरायचं आणि खेळणाऱ्याला पटकन कळायचं नाही. पण 2015 मध्ये रेड (मोठ्या गटाने खेळायच्या लढाया) आले तेव्हा पहिलाच बॉस, व्हेल गार्डियन, ज्याची टफनेस (मार सोसायची ताकद) सगळ्यात जास्त त्याच्यामागे जाणारा निघाला. फिरून फिरून भोपळे चौकात म्हणतात ते हेच.

हां, एका बाबतीत तुमच्याशी सहमत, आजकाल हे सगळं फारसं जाणवत नाही. वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्ड कंपनीने 2011 च्या ऑगस्टमध्ये टँकचा थ्रेट डॅमेजच्या तिप्पट होता तो पाचपट केला, कारण थ्रेट सांभाळत हात आखडून मारण्यात लोकांना मजा येत नाही असं त्यांचं मत झालं होतं. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं. हात आखडणं हेच तर कौशल्य होतं!

आणि अ‍ॅग्रो फक्त यादीपुरता नसतो, मुळात तुम्ही मॉबच्या लक्षात कसे येता हाही त्याचाच भाग. फायनल फँटसी 11 मध्ये काही मॉब डोळ्यांनी बघतात म्हणून त्यांच्या पाठीमागून निसटता येतं, काही आवाजावर येतात, काहींना तुम्ही मंत्र टाकला की कळतं, आणि सांगाडे वगैरे मंडळी तर तुमची एचपी (उरलेला जीव) कमी झाली की हजर. लढाई जिंकून अर्धमेले परत निघालात की तेच खरं संकट. याला बिनडोक कसं म्हणायचं?

आता तुमचा हीलर. वॉरक्राफ्टमध्ये हीलिंगच्या निम्मा थ्रेट धरतात, म्हणजे 2000 हील केलं तर 1000, आणि तो लढाईत असलेल्या सगळ्या मॉबमध्ये वाटला जातो, चार असतील तर प्रत्येकावर 250. (एचपी आधीच फुल असताना वाया गेलेल्या हीलचा थ्रेट धरत नाहीत, त्यामुळे ‘ओव्हरहील करू नको’ म्हणून त्याला ओरडत असाल तर बिचाऱ्याला उगाच ओरडताय.) तुमचा टँक बहुतेक चार जणांना अंगावर घेतो आणि एकालाच बडवत बसतो, उरलेल्या तिघांच्या यादीत त्याच्या नावावर जवळपास शून्य, मग पहिला हील पडला की 250 वाला हीलर तिन्ही ठिकाणी एक नंबर. मॉब नियमाप्रमाणेच चाललेत, चूक टँकची आहे. त्याला टार्गेट बदलत प्रत्येकाला निदान एक फटका द्यायला सांगा, हीलरला पहिला हील दोन सेकंद उशिरा टाकायला सांगा, आणि तरीही मॉब अंगावर आलाच तर त्याने लांब पळू नये, टँकच्या अंगावरूनच पळावं म्हणजे टँकला तो मॉब हाताशी मिळतो. लांब पळालेल्या हीलरला वाचवायला टँक मागे धावला की उरलेले मॉब बाकीच्यांकडे वळतात आणि मग वाइप (सगळा ग्रुप खलास) ठरलेला.