गाणी सगळ्यांना आठवतात, वीस डॉलर कुणालाच नाही

नोव्हेंबर २०२५मध्ये जमैकाचा रेगे गायक जिमी क्लिफ गेला आणि फेसबुकवर दोन दिवस समुद्र, नारळाची झाडं आणि 'यू कॅन गेट इट इफ यू रिअली वॉन्ट' यांचा पूर आला. मनापासून हवं असेल तर मिळतंच, प्रयत्न सोडू नका, वगैरे. मला ते खटकलं, म्हणून हे लांबलचक लिहितोय. कारण ज्या सिनेमाशी हे गाणं कायमचं जोडलं गेलं, त्या 'द हार्डर दे कम'मध्ये ते ज्याच्यासाठी वाजतं त्याला शेवटी मिळतात त्या फक्त गोळ्या.

जमैकातलं किंग्स्टन म्हटलं की आपल्याला आठवतं सबायना पार्क, १९७१, दिलीप सरदेसाईंचे २१२. पुढच्याच वर्षी, १९७२ला, त्याच शहरात हा सिनेमा लागला. जमैकात जमैकन माणसांनी बनवलेला पहिला कथापट. दिग्दर्शक पेरी हेन्झेल. कॅरिब थिएटरबाहेर पहिल्याच दिवशी तोबा गर्दी उसळली. आपली गल्ली, आपली बोली पडद्यावर लोक पहिल्यांदाच बघत होते.

गोष्ट साधी आहे. खेड्यातला आयव्हन बसमध्ये बसून शहरात येतो, गायक व्हायला. बसच्या त्या प्रवासावरच ते 'मिळतंच मिळतं' गाणं वाजतं. उतरल्या उतरल्या त्याचं सामान चोरीला जातं. पुढे काम मागत दारोदार फिरतो, चर्चच्या पाद्र्याकडे राहतो, सायकलवरून भांडण होऊन फटके खातो. मग एकदाचा स्टुडिओत पोचतो. तिथे टूट्स अँड द मेटल्स 'स्वीट अँड डँडी' गाताहेत, खरेखुरे, आणि आयव्हन डोळे विस्फारून बघतोय. संगीत म्हणजे काय चीज आहे हे सांगणारा याहून चांगला प्रसंग मी तरी सिनेमात पाहिलेला नाही.

आणि मग व्यवहार. निर्माता हिल्टन गाण्याचे वीस डॉलर देऊ करतो. आयव्हन नाही म्हणतो, रेकॉर्ड स्वतः विकायला निघतो. कुणी हात लावत नाही, कारण बाजार हिल्टनचा. परत येतो, मुकाट्याने सही करतो. माझ्या मते सिनेमा इथेच घडतो. पुढचा गांजाचा धंदा, पोलिसांचे खून, पिस्तुलं घेऊन काढलेले ते ऐटबाज फोटो, सगळं या सहीतून येतं. गाणं हिट होतं तेही आयव्हन फरार झाल्यावर.

हा आयव्हन अगदीच हवेतून आलेला नाही. 'राइगिंग' या नावाने गाजलेला व्हिन्सेंट मार्टिन हा गुंड १९४८मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला होता. तो गायक नव्हता. गाणं त्याच्या गळ्यात सिनेमाने घातलं, आणि त्यासाठी नट निवडला तो स्वतः पोरवयात खेड्यातून किंग्स्टनला आलेला जिमी क्लिफ. त्याने लेस्ली काँगच्या दुकानात शिरून एक गाणं ऐकवलं आणि आइस्क्रीम विकणाऱ्या त्या माणसाला रेकॉर्डच्या धंद्यात ओढलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. गंमत अशी की सिनेमातल्या गाण्यांच्या अल्बममधली कितीतरी गाणी याच काँगने केलेली. म्हणजे ज्या धंद्यावर सिनेमा बोट ठेवतो, त्याच धंद्यातला अस्सल माल त्यात वाजतो.

अल्बम पन्नास वर्षं टिकला त्याचं कारणही मला इथेच दिसतं. शीर्षकगीत सिनेमासाठी झालं, पण बाकीची बहुतेक गाणी आधीच किंग्स्टनच्या रस्त्यांवर वाजून मुरलेली होती. डेस्मंड डेकरचं '००७', 'प्रेशर ड्रॉप', स्लिकर्सचं 'जॉनी टू बॅड'. कथेची गरज म्हणून बेतलेली गाणी कथेबरोबर म्हातारी होतात. ही तशी नव्हती. 'मेनी रिव्हर्स टू क्रॉस' तर सिनेमाच्या तीन वर्षं आधीचं, तरी आयव्हनच्या भटकण्यावर असं बसतं की बस्स. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' आपल्याकडे घरोघरी पोचलं ते बोनी एमच्या १९७८च्या कॅसेटवरून, लग्नाच्या वरातीतही वाजेल अशा ठेक्यात. मेलोडियन्सचं मूळ ऐका. परमुलखात नेऊन टाकलेल्या माणसांचं रडणं आहे ते.

सिनेमात खोट नाही असं नाही. मध्ये तो रेंगाळतो, आणि आयव्हनच्या प्रेयसीच्या, एल्साच्या, वाट्याला बाकीच्यांचं निस्तरण्यापलीकडे फार काही येत नाही. पण शेवट! सुरुवातीला आयव्हन थिएटरात 'जँगो' हा बंदूकबाजीचा वेस्टर्न सिनेमा बघतो, एकटा नायक सगळ्यांना लोळवतो, पब्लिक बेभान. शेवटी किनाऱ्यावर सैनिकांसमोर तो तसाच पिस्तुलं घेऊन बाहेर येतो आणि मध्ये मध्ये तेच हसणारं, ओरडणारं थिएटर दिसत राहतं. त्या पब्लिकमध्ये आपणही असतो, हे हेन्झेल आपल्याला विसरू देत नाही.

तर अल्बम जरूर ऐका, पण आधी सिनेमा बघा. सबटायटल्स लावून बघा, लाजू नका. पाटवा, म्हणजे जमैकाची बोली, कळेना म्हणून अमेरिकेतही ती लावावी लागली होती. आणि नारळाच्या झाडांवर ते गाणं लावून कुणी सुप्रभात पाठवलं, तर त्याला ही पोस्ट पाठवा.