घाटात पाय भरून येतात, त्याला लॅक्टिक ॲसिड जबाबदार नाही

पावसाळा ओसरला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: ‘घाटात पाय भरून आले म्हणजे स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचलं. ते घालवायचं तर जड गिअरवर जोर लावून चालवा, उभं राहून पेडल मारा, मध्ये अजिबात थांबू नका, गोळे येऊ नयेत म्हणून केळी खा आणि दुसऱ्या दिवशी कसून मालिश करून ॲसिड बाहेर काढा. पाय दुखतायत म्हणजे पाय तयार होतायत.’

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण नवी सायकल घेतलेली माणसं यावर विसंबून पहिल्याच घाटात बेजार होतात, आपल्या पायांत दमच नाही असं धरून चालतात आणि महिन्याभरात सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडते. हे मला बघवत नाही. म्हणून या मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो.

‘लॅक्टिक ॲसिड साचतं.’

ही समजूत शंभर वर्षांहून जुनी आहे. बेडकाच्या पायाचा स्नायू कापून वेगळा करायचा, त्याला विजेचे झटके देऊन थकवायचा आणि आत काय सापडतं ते बघायचं, असे प्रयोग त्या काळी होत. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड सापडे. स्नायूंवरच्या अशाच मूलभूत कामासाठी ए. व्ही. हिल आणि ऑटो मायरहोफ यांना 1922 सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. काम मोठंच होतं, पण त्यातून ‘ॲसिड सापडलं, म्हणजे थकवा त्यानेच आला’ एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

कापलेल्या स्नायूत रक्त फिरत नसतं, तुमच्या आमच्या पायात फिरतं. जोराचं काम करताना तयार झालेलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप, रक्तात उतरतं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, पायातलेच कमी जोराने चाललेले स्नायू जाळतात आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं. कॅलिफोर्नियातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी 1980च्या दशकापासून हे सगळं नीट मांडून दाखवलं आहे. लॅक्टेट हा कचरा नाहीच, चालू कामातलं इंधन आहे. घाटमाथ्यावर पोचल्यावर तासाभरात त्याची रक्तातली पातळी जवळपास पूर्वीसारखी होते.

मग मांड्या पेटतात कशाने? आपल्याला झेपेल त्याहून जास्त जोर सतत लावला की स्नायूपेशींत फॉस्फेट साठतं, हायड्रोजन आयन वाढतात, पोटॅशियम पेशीबाहेर जातं आणि स्नायूचं आकुंचन दुबळं होत जातं. लॅक्टेटही त्याच वेळी वाढलेलं दिसतं, म्हणून आळ त्याच्यावर येतो. हा फरक नुसता पुस्तकी नाही. ॲसिडला दोष दिला की माणूस ते ‘काढायचे’ उपाय शोधत बसतो. जोर जास्त लागतोय हे कळलं, तर हात गिअरकडे जातो.

‘जड गिअरवर जोर लावून चालवा.’

या मेसेजमधला सर्वांत नुकसान करणारा सल्ला हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

पसरणी घाट घ्या. वाईहून पाचगणी साधारण 12 किलोमीटर, चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून 85 किलो धरू आणि वेग ताशी 8 किलोमीटर. एवढ्या कामाला साधारण 110 वॅट लागतात. गिअर कुठलाही टाका, त्याच वेगाला तेवढेच लागणार. बदलतं ते एवढंच, की हे काम तुम्ही किती फेऱ्यांत वाटून करता.

पुढे पेडलपाशी 44 दातांची चकती, मागच्या चाकाला 18 दातांची, अशी बिनगिअरची सायकल असेल, तर या वेगाला पेडलच्या मिनिटाला जेमतेम 26 फेऱ्या होतात आणि पेडलवर सरासरी 24 किलोंचा जोर लावावा लागतो. गिअरच्या सायकलवर पुढे सर्वांत लहान 24 दातांची चकती आणि मागे सर्वांत मोठी 28ची टाकली, तर फेऱ्या 75 होतात आणि जोर साडेआठ किलोंवर येतो. पाचगणीला पोचायची वेळ दोघांची सारखीच. पण एकाने प्रत्येक फेरीला जवळजवळ तिप्पट जोर लावलेला असतो.

स्नायूंतले काही तंतू सावकाश काम करणारे, तासन्‌तास न थकणारे असतात. काही झटक्यात मोठा जोर देणारे, पण लवकर दमणारे असतात. जोर वाढला की दुसऱ्या प्रकारचे तंतू कामाला लागतात आणि त्यांच्यातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, भराभर संपतं. शिवाय स्नायू जोरात आवळलेला असताना त्यातून रक्त नीट वाहत नाही. जड गिअरवर मांडी प्रत्येक फेरीत जास्त वेळ आवळलेली राहते.

याचा अर्थ भिंगरीसारखे पाय फिरवायचे असाही नाही. स्पेनच्या संशोधकांनी 2001 साली व्यावसायिक शर्यतपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सपाटीवर मिनिटाला 90 फेऱ्या मारणारे हेच लोक उंच घाटांत 70च्या आसपास आलेले दिसले. आपल्यासाठी 60 ते 80 ठीक. 50च्या खाली गेलात, तर अजून हलका गिअर शिल्लक आहे का ते बघा. शिल्लक नसेल, तर दुकानात जाऊन मागे 32 किंवा 34 दातांची चकती बसते का ते विचारा. डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला) झेपणार असेल तर बसते, आणि घाटासाठी केलेला याहून चांगला खर्च मला माहीत नाही.

गिअर कधी बदलायचा हेही तितकंच महत्त्वाचं. नवखा माणूस चढ लागला तरी ‘अजून जमतंय’ म्हणून मोठ्या चकतीवरच राहतो. पेडल जड होत जातं, वळणावर सायकल जवळजवळ उभी राहते, मग घाईने शिफ्टर, म्हणजे गिअरचा खटका, दाबला जातो. चेनवर तेव्हा अंगाचं सगळं वजन असतं. कडकड आवाज होतो, चेन दातांवर चढत नाही, कधी आतल्या बाजूला पडते आणि भर वळणावर, मागून एसटी येत असताना, पाय टेकावा लागतो. चढ दिसला की वीसेक मीटर आधीच पुढची चकती लहान करायची. शिफ्टर दाबताना अर्धी फेरी पाय सैल सोडायचे, नुसते फिरवायचे. चेन बिनआवाज बसते.

पायांची ताकद वाढवायचीच असेल, तर त्याची जागा वेगळी आहे. आठवड्यातून दोनदा वजन घेऊन उठाबशा काढल्या, तर घाटात त्याचा उपयोग होतो. सरावलेले लोक मुद्दाम जड गिअरचा सरावही करतात, पण मोजून, थोडा वेळ. पहिल्या घाटात, गुडघ्यांवर तो करायचा नसतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: वेग. घाटाच्या पहिल्या दोन किलोमीटरांत पाय ताजे असतात, बरोबरचे पुढे निघतात आणि आपण त्यांच्या मागे लागतो. ताशी 8च्या जागी 12ने गेलात, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम त्याच मिनिटांत दीडपट होतं. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय, एवढाच वेग पहिल्या निम्म्या घाटात ठेवा. बोलताना शब्द तुटायला लागले, तर हळू व्हा. पुढे गेलेले बरेचसे वरच्या वळणांवर भेटतात.

‘उभं राहून पेडल मारा.’

काही वेळ, हो. उभं राहिलं की अंगाचं वजन पेडलवर येतं, पाठीला आणि बैठकीला आराम मिळतो, थोडे वेगळे स्नायू काम करतात. सिंहगडाच्या वरच्या वळणांसारखा उभा तुकडा आला, तर वीस-तीस फेऱ्या उभ्याने मारून पुन्हा बसावं. पण पसरणीसारख्या सौम्य चढावर सतत उभं राहिल्याने त्याच वेगाला जास्त ऑक्सिजन लागतो, नाडी वाढते, धाप लागते. उभं राहण्याआधी गिअर एक घर जड करा, नाहीतर पाय एकदम खाली जातो. आणि उठताना पेडलवरचा जोर सोडू नका. तो सुटला की सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याचं चाक तुमच्या चाकाला लागतं.

बसून चालवताना पाय लवकर भरत असतील, तर आधी सीटची उंची तपासा. आपल्याकडे सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत अशी सवय आहे, त्यामुळे निम्म्या सायकलींची सीट खाली असते. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक उरतो, तो योग्य. सीट त्याहून खाली असेल, तर प्रत्येक फेरी अर्ध्या उठाबशीतून मारल्यासारखी होते.

‘मध्ये थांबू नका, पाय गार पडतात.’

थांबा, बिनधास्त थांबा. जोराच्या कामात खर्च झालेलं स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन (झटपट जोर देणारं इंधन) अर्ध्या मिनिटात निम्मं भरून येतं आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ सगळं. दोन-तीन मिनिटांच्या थांब्यानंतर पाय हलके वाटतात ते त्यामुळेच. भिजल्या कपड्यांत, वाऱ्यात अर्धा तास चहा घेत बसलात तर मात्र पाय आखडतात, एवढं त्या सल्ल्यात खरं आहे. थांबण्याआधी हलका गिअर टाकून ठेवा, म्हणजे निघताना ओढाताण होत नाही. जुन्या बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाजवळचा चढ आधीच अंगावर येणारा. तिथे जड गिअरवर थांबलेला माणूस पुन्हा सायकलवर बसायला धडपडतो. आणि हातात सायकल धरून चालत जाण्यात कमीपणा काही नाही.

‘गोळे येऊ नयेत म्हणून केळी खा.’

केळं खा, पण कारण वेगळं. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन तासांहून लांब सायकलिंग असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम पोटात जायला हवीत, नाहीतर शेवटच्या टप्प्यात पाय रिकामे झाल्यासारखे वाटतात. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, काहीही चालतं. भूक लागायची वाट न बघता खायचं.

पोटॅशियमने गोळे थांबतात, याला मात्र आधार नाही. केळं खाल्ल्यावर रक्तातलं पोटॅशियम वाढतं ते किंचित, आणि तेही अर्ध्या-एक तासाने. घामातून प्रामुख्याने जातं ते सोडियम, लिटरमागे साधारण एक ग्रॅम, आणि केळ्यात ते जवळपास नसतंच. दमट हवेत तीन-चार तास घाम गाळणार असाल, तर मीठ घातलेलं लिंबू सरबत बाटलीत असू द्या. नुसतं पाणीच पाणी पिणं बरं नव्हे.

तरी बहुतेक गोळे मिठाच्या कमतरतेने येत नाहीत. ट्रायथलॉनपटूंच्या तपासण्यांत गोळा आलेल्या आणि न आलेल्या लोकांच्या रक्तातल्या क्षारांत ठळक फरक सापडला नाही. सवयीपेक्षा जास्त जोराने आणि जास्त वेळ राबवलेल्या स्नायूला जाणारे मज्जातंतूंचे संदेश बिघडतात, हे स्पष्टीकरण आज जास्त मानलं जातं. केव्हिन मिलर यांच्या 2010च्या अमेरिकेतल्या प्रयोगात काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी प्यायल्यावर गोळा साधारण 85 सेकंदांत सुटला. इतक्या थोड्या वेळात ते पाणी पोटातून रक्तात पोचूच शकत नाही. म्हणजे परिणाम तोंडा-घशातल्या मज्जातंतूंतून झाला असणार. रस्त्यावर उपाय सोपा आहे: उतरा, गुडघा सरळ ठेवा, पायाचा चवडा स्वतःकडे ओढून पोटरी ताणून धरा, गोळा सुटेपर्यंत.

‘मालिश करून ॲसिड बाहेर काढा.’

दुसऱ्या दिवशी ते उरलेलंच नसतं, हे वर आलंच. तेव्हाचं दुखणं स्नायूंच्या सूक्ष्म इजेचं असतं, एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं आणि साधारण आठवड्याभरात ओसरतं. मालिशने बरं वाटत असेल तर हलक्या हाताने जरूर करा. कसून रगडल्याने इजा लवकर भरून येत नाही.

‘पाय दुखतायत म्हणजे तयार होतायत.’

या वाक्याची मला भीती वाटते, कारण ते सगळ्या दुखण्यांना एकाच पारड्यात टाकतं. चढावर दोन्ही मांड्यांत होणारी, वेग कमी करताच शमणारी जळजळ निरुपद्रवी आहे. गुडघ्याच्या वाटीमागे टोचणारं, घरी जिना उतरताना पुन्हा जाणवणारं दुखणं तसं नाही. सीट वर घ्या, गिअर हलका करा, आणि दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर दाखवून घ्या. चढावर छातीत दाब आला, तो जबड्याकडे किंवा हाताकडे सरकला, घाम एकाएकी गार पडला, तर तिथेच थांबायचं आणि बरोबरच्याला गाडी बोलवायला सांगायचं. आणि अतिश्रमानंतर एक-दोन दिवसांत मांड्या सुजून कडक झाल्या व लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी, रविवार असला तरी, हॉस्पिटल गाठायचं आणि आदल्या दिवशी किती सायकल चालवली ते डॉक्टरांना सांगायचं.